कार्यक्रमपत्रिकेवांचून परिषद

परिषद म्हटली कीं तिचें चित्र आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढें तयारच असतें. व्यासपीठ, अध्यक्ष, स्वागत, चार व्याख्यानें, आणि वेळ संपत आली म्हणून शेवटीं घाईनें उरकलेली प्रश्नोत्तरें. मग चहाचे पेले हातीं येतात, आणि जें बोलण्यासाठीं मंडळी दूरदूरून आलेली असते तें बोलणें तेथें कोठें सुरू होतें.

हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थांना हाच अनुभव आला. वर्षभर खपून त्यांनीं १९८३ सालीं एक आंतरराष्ट्रीय परिषद भरविली, आणि खरें काम कॉफीच्या सुटींतच झालें असें सर्वांचें मत पडलें. तेव्हां १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरी येथें त्यांनीं निराळाच प्रयोग केला. वक्ते नेमले नाहींत. विषय ठरविले नाहींत. मंडळी वर्तुळाकार बसली. ज्याला ज्या प्रश्नाची तळमळ असेल त्यानें मध्यें यावें, प्रश्न कागदावर लिहून सर्वांस वाचून दाखवावा, आणि स्थळ व वेळ घालून तो भिंतीवर लावावा. भिंत भरली कीं कार्यक्रम तयार! ज्या गटांत आपण कांहीं शिकत नाहीं आणि कांहीं देतही नाहीं, तेथून निःसंकोच उठून दुसऱ्या गटांत जावें, हा या पद्धतीचा एकमेव कायदा.

यांत विशेष तें काय, असें कोणी विचारील. विशेष हें कीं, कार्यक्रमपत्रिका म्हणजे केवळ वेळापत्रक नव्हे. ती एक प्रकारची सत्ता आहे. जो प्रश्न तींत आला नाहीं, तो सभेपुढें येतच नाहीं.

नाशिक जिल्ह्यांतील ओझरचें उदाहरण घेऊं. विमानांच्या कारखान्यामुळें हें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. पण येथील शेतकऱ्याची ओळख निराळी. वाघाड धरणाच्या उजव्या कालव्याच्या शेवटच्या टोंकाचा तो माणूस. कालव्याच्या मुखाशीं ज्याची जमीन, त्याला पाणीपट्टीची व दुरुस्तीची चिंता. टोंकाच्या माणसाचा प्रश्न एकच, पाणी येणार कीं नाहीं? समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांनीं काम आरंभिलें तें या टोंकाकडूनच. १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर व बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था येथें उभ्या राहिल्या. पुढें सबंध लाभक्षेत्रांत अशा २४ संस्था झाल्या. २००५ सालीं तर शेतकऱ्यांनीं सिंचनाचें व्यवस्थापन करावें यासाठीं महाराष्ट्रांत कायदाच झाला. या संस्थांच्या सभांना विषयपत्रिका असते, आणि ती असावयासच हवी. पण ज्याला प्रश्नाची झळ लागते त्याला आधीं विचारावें, हा त्यांच्या आरंभाचा धडा मोकळ्या परिषदेचाही पाया आहे.

आतां समजा, अशा शेतकऱ्यांची एका दिवसाची मोकळी परिषद ओझरास भरवावयाची आहे. निमंत्रणांत एकच, पण नेमका प्रश्न असावा: ‘कमी पावसाच्या वर्षीं आवर्तनाचें पाणी कसें वाटून घ्यावें?’ द्राक्षबागाईतदार, भाजीपाला काढणाऱ्या स्त्रिया, पाटकरी, अभियंता, सर्वांस बोलावावें. सामग्री थोडी लागते: एक कोरी भिंत, कागद, जाड लेखण्या, बसण्यास चार जागा आणि एक घंटा. सकाळचा पहिला तास भिंतीसाठीं. नंतर तासतासाच्या तीन बैठका. सायंकाळीं पुन्हां सर्वांनीं एकत्र बसून गटागटाचें टिपण ऐकावें.

येथें तीन गोष्टींस जपावें लागतें. पहिली, गांवांतील वजनदार माणसानें पहिला कागद लावूं नये. तो लागला कीं बाकीचे त्याच्याच मागें जातात. दुसरी, ज्याला लिहितां येत नाहीं त्याचा प्रश्न दुसऱ्यानें लिहावा, पण शब्द त्याचेच ठेवावेत. ‘आमच्या चारीला रात्रींच पाणी कां?’ हें वाक्य ‘वितरणांतील अडचणी’ असें सुधारून लिहिलें, कीं त्यांतला प्रश्नच नाहींसा होतो. तिसरी, प्रत्येक गटांत टिपण ठेवणारा एकजण असावा. नाहीं तर दिवसभराचें बोलणें वाऱ्यावर जातें.

आणि सर्वांत महत्त्वाचें, निर्णय त्याच दिवशीं घेऊं नये. जो आला तो बोलला. जो आला नाहीं त्याचाही पाण्यावर हक्क आहेच. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें हा भेद नीट ओळखला आहे. तेथें अभ्यासगटांत मोकळेपणानें विचार होतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, आणि तोही सर्वसहमतीनें. मोकळ्या परिषदेनें प्रश्न पुढें आणावे आणि रीतसर सभेनें ते विषयपत्रिकेवर घेऊन निकालांत काढावे, अशी कामाची वांटणी असली म्हणजे दोहोंचीही शोभा राहते.

आपल्या वसाहतीची वार्षिक सभा, शाळेंतील पालकांचा मेळावा, ग्रंथालयाच्या वाचकांचें संमेलन, येथेंही हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. खर्च कांहींच नाहीं. चालकांनीं अर्धा दिवस आपले विषय बाजूस ठेवावे, भिंत कोरी सोडावी, आणि मागच्या रांगेंतील माणूस उठून कागद हातीं घेईपर्यंत स्वस्थ बसावें. पहिलीं दहा मिनिटें कोणीच उठणार नाहीं. तेवढीं दहा मिनिटें चालकांनीं निमूटपणें सोसलीं पाहिजेत.