टेलिफोनचा कोड आणि गांवचा क्रमांक

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यांत उंद्री नांवाचें गांव आहे. पुणें शहराच्या दक्षिणेसही उंड्री नांवाचें एक ठिकाण आहे. दोन्ही नांवें कानांस जवळजवळ एकच वाटतात, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलीं म्हणजे तर भेद मुळींच उरत नाहीं. पत्रावर जिल्हा लिहावयाचा राहिला तर टपालवाल्याचा गोंधळ उडणें साहजिक आहे. टेलिफोनच्या यंत्राचा मात्र असा गोंधळ होत नाहीं. त्याला नांव कळत नाहीं. तें केवळ आंकडे मोजतें. पुण्याच्या उंड्रीचा क्रमांक 020 नें सुरू होतो, आणि बुलढाण्याच्या उंद्रीचा 07264 नें. चूक होते ती माणसाची. घरांत कोणी अत्यवस्थ असावें, परगांवच्या मुलानें घाईघाईनें फोन करावा, आणि एक शून्य अधिक किंवा उणें पडल्यामुळें तो लागूंच नये, ही गोष्ट कांहीं विरळा नाहीं. म्हणून ह्या आंकड्यांचा अर्थ एकदां नीट समजून घेणें इष्ट आहे.

पूर्वीं परगांवीं बोलावयाचें म्हणजे ट्रंक कॉल नोंदवावा लागे. एक्स्चेंजमधील ऑपरेटर हातानें तार जोडून देई, आणि तोंवर वाट पाहात बसावें लागे. हें जोडण्याचें काम यंत्राकडे सोंपविण्याची युक्ति अमेरिकेंतील आल्मन स्ट्रोजर ह्या गृहस्थानें काढली व 1891 सालीं तिचें पेटंट मिळविलें. त्याचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा होता. ऑपरेटर आपलीं गिऱ्हाइकें दुसऱ्या दुकानाकडे वळवितो असा त्याला संशय आला व त्यांतून हा शोध लागला, अशी कथा सांगतात. हिंदुस्थानांत पहिलें स्वयंचलित एक्स्चेंज 1913–14 मध्यें सिमल्यास बसलें. पुढें 1960 च्या नोव्हेंबरांत कानपूर व लखनौ ह्या दोन शहरांमध्यें ऑपरेटरवांचून थेट बोलणें सुरू झालें. तीच एस्. टी. डी. ची सुरुवात होय.

तबकडीच्या टेलिफोनवर दोनचा आंकडा फिरविला कीं तारेंतील प्रवाह दोन वेळां तुटे, आणि शून्य फिरविलें कीं दहा वेळां. हे ठोके मोजून एक्स्चेंजमधील यंत्र पायरीपायरीनें पुढें सरके. आज तबकडी गेली व तीं यंत्रेंही गेलीं. परंतु आंकडे डावीकडून एकेक वाचावयाचे ही रीत कायम आहे. त्यांत पहिल्या आंकड्याला फार महत्त्व असतें. पहिला आंकडा शून्य असेल तर फोन क्षेत्राबाहेर जावयाचा आहे असें यंत्र समजतें. एक असेल तर पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका अशा खास सेवेकडे तो वळतो. ह्या दोहोंखेरीज दुसरा आंकडा असेल तरच त्याला स्थानिक क्रमांक मानावयाचें. म्हणून कोणत्याही घरचा क्रमांक शून्यानें किंवा एकानें सुरू होत नाहीं. ह्यावरून दिसेल कीं 07264 मधील शून्य हा कोडचा भागच नव्हे. ती बाहेर जाण्याच्या दाराची कडी आहे. खरा कोड 7264.

ह्या कोडचे आंकडेही मनास येतील तसे मांडलेले नाहींत. नागपूर 712, अमरावती 721, अकोला 724, बुलढाणा 7262, खामगांव 7263, चिखली 7264. सारा विदर्भ सातानें सुरू होतो, आणि भोपाळ व इंदूरही सातानेंच. उलट, बुलढाण्याच्या शेजारच्या जालना व जळगांव जिल्ह्यांत गेलें कीं आरंभीं दोन येतो. पत्त्यांत जसें प्रांत, जिल्हा, तालुका, तसेंच हें.

कोठें कोड दोन आंकडी, तर कोठें चार आंकडी, असें कां? मेख बेरजेंत आहे. कोड व घरचा क्रमांक मिळून दहा आंकडे भरावे लागतात. मुंबईचा कोड 22, म्हणून घरासाठीं आठ आंकडे उरतात. चिखलीचा कोड चार आंकडी, म्हणून सहाच. शून्य व एक आरंभीं चालत नाहींत, हें धरून हिशेब केला तर मुंबईस आठ कोटि क्रमांक मांडतां येतात, व चिखलीस आठ लक्ष. ज्या शहराची वस्ती मोठी, त्याचा कोड आंखूड. तालुक्याचा कोड लांब.

ही क्षेत्रें साधारणतः तालुक्यागणिक आंखलेलीं असून देशांत तीं सुमारें 2600 आहेत. उंद्रीच्या घरच्या फोनवरून चिखलीच्या घरीं बोलावयाचें तर नुसते सहा आंकडे पुरतात. शेजारच्याच खामगांवास बोलावयाचें तर 07263 आधीं लावावें लागतें. ही सीमा कोसांची नव्हे, क्षेत्राची आहे.

मोबाइलला गांव नसतें. त्यामुळें उंद्रींत उभें राहून मोबाइलवरून उंद्रींतल्याच घरीं फोन केला तरी 07264 लावणें प्राप्त आहे. घरच्या फोनवरून मोबाइलला 15 जानेवारी 2021 पासून आधीं शून्य लावावें लागतें. परदेशांतून मात्र देशाचा आंकडा 91, पुढें 7264 व मग घरचे सहा आंकडे. मध्यें शून्य घालूं नये. दुबईहून फोन लागत नाहीं अशी तक्रार येते तेव्हां पुष्कळदां हेंच एक शून्य आड आलेलें असतें. रुग्णवाहिकेचा 108 व संकटकाळचा 112 ह्यांना कोडही नको आणि शून्यही नको.

दूरसंचार नियामक प्राधिकरणानें फेब्रुवारी 2025 मध्यें, घरच्या फोनवरून घरच्या फोनला स्थानिक बोलतांनाही शून्य व कोड लावावा, अशी शिफारस केली आहे. पुढें कांहींही ठरो, एक संवय आजच लावून घेण्यासारखी आहे. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, दवाखान्याच्या भिंतीवर व घरच्या वहींत क्रमांक लिहावयाचा तो कोडसह पुरा लिहावा. गांवांतल्या माणसाला सहा आंकडे पाठ असतात. परंतु ऐन वेळीं तो क्रमांक ज्याला लागतो तो बहुधा गांवाबाहेर असतो.