महायात्रा

प्रवासावरील बहुतेक चित्रपटांत पडद्यावरून देखावे सरकत राहतात आणि प्रवासी मात्र निघाला होता तसाच परततो. मोरोक्कोत जन्मलेले फ्रेंच दिग्दर्शक इस्माईल फेरुखी यांचा २००४ सालचा ‘ल ग्राँ व्वायाज’, म्हणजेच ‘महायात्रा’, हा चित्रपट याला अपवाद आहे. मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटलेला आहे. तोही येथे वाया जात नाही.

दक्षिण फ्रान्समध्ये स्थायिक झालेला एक वृद्ध मोरोक्कन हजला निघतो, तोही मोटारीने! गाडी हाकायची थोरल्या मुलाने. पण त्याचा परवाना जप्त झालेला. तेव्हा तोंडावर आलेली परीक्षा सोडून धाकट्या रेदाला निघावे लागते. इटली, बाल्कन प्रदेश, तुर्कस्तान, सीरिया, जॉर्डन असा सुमारे ५,००० किलोमीटरांचा रस्ता. बाप अरबीत बोलतो, मुलगा फ्रेंचमध्ये उत्तर देतो. दोघांना परस्परांचे शब्द कळतात. मन कळत नाही. मुलाचा मोबाइल तर बाप सरळ कचऱ्यात टाकून देतो.

विमानाने का नाही? समुद्राचे पाणी आकाशाकडे चढते तेव्हाच त्याचा कडवटपणा जातो, असे बापाचे उत्तर. म्हणून घोड्यापेक्षा पायी, मोटारीपेक्षा घोड्यावरून आणि विमानापेक्षा मोटारीने जाणे बरे, असा त्याचा हिशेब.

या बापाला दिग्दर्शकाने संत बनविलेले नाही, हे फार चांगले झाले. (बाल्कनमध्ये मोटारीत येऊन बसणारी काळ्या वस्त्रांतील अबोल वृद्धा मात्र प्रतीक म्हणून जरा जडच वाटते.) जवळचे पैसे संपत आलेले असताना तो एका याचक स्त्रीला दान करतो. रेदा संतापून ते पैसे तिच्या हातून परत हिसकावून घेतो आणि बाप त्याच्या थोबाडीत देतो. सारा चित्रपट या प्रसंगावर तोललेला आहे.

अखेरचा भाग प्रत्यक्ष मक्केत, यात्रेकरूंच्या लोटात चित्रित झाला आहे. सारे नमाजाला उभे राहतात तेव्हाही रेदा दूरच बसून असतो. काबागृहाकडे गेलेला बाप संध्याकाळी परतत नाही. मुलगा त्या अफाट गर्दीत त्याला हाका मारीत फिरतो आणि शेवटी प्रेतांच्या रांगेत त्याला ओळखतो. मग तो आपल्या हाताने बापाला अखेरचे स्नान घालतो.

मोटार विकून तो टॅक्सीने परत निघतो. वाटेत रस्त्याकडेला एक भिकारीण बसलेली असते. रेदा तिच्या हातावर पैसे ठेवतो आणि गाडी पुढे जाते.