प्राध्यापकांचे तास, विद्यापीठाचा पैसा

रत्नागिरीतल्या एखाद्या संलग्न महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाने आठवड्याला किती तास शिकवायचे, हे दिल्लीत ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार ते १६ तास. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांना १४. एकूण काम आठवड्याला ४० तासांचे, वर्षातून किमान ३० आठवडे. अनुदानित जागेवरचा पगार राज्य सरकार देते. अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल यांची सूत्रे मात्र सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांब, मुंबई विद्यापीठाकडे. या महाविद्यालयातला शिक्षक असा तीन ठिकाणांना बांधलेला आहे. त्याच्या कामाचा हिशेब मागणारे भरपूर आहेत. त्या कामासाठी पैसा कुठे आणि किती लागतो, हे त्याला कुणी विचारते का?

कायद्याने त्याची सोय केलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. विद्यापीठाचा अर्थसंकल्प आधी वित्त व लेखा समितीत तयार होतो, मग व्यवस्थापन परिषदेत जातो आणि शेवटी अधिसभेपुढे, म्हणजे सगळे ज्याला सिनेट म्हणतात तिथे येतो. अधिसभेत महाविद्यालयीन शिक्षकांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात, नोंदणीकृत पदवीधरांचे दहा, शिवाय प्राचार्य, संस्थाचालक आणि विद्यापीठ विभागांचे शिक्षक. मार्चच्या बैठकीत सदस्य प्रश्न विचारतात, कपात सूचना मांडतात. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांतल्या शेकडो महाविद्यालयांसाठी हे दहा जण. रत्नागिरीचा आवाज त्यात किती उरणार, हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आहे, ती जास्त बोचणारी. कायद्यातली शिक्षकाची व्याख्या पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षकाची आहे. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवणाऱ्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते. भरती वर्षानुवर्षे रखडल्यामुळे अनेक महाविद्यालयांत तासांचा मोठा भार त्यांच्यावरच आहे. पेपर तपासायला, प्रयोगशाळा सांभाळायला ते हवेत. प्रतिनिधी निवडताना मात्र ते शिक्षकांत धरले जात नाहीत.

शिक्षकांना न विचारता खर्चाचा निर्णय घेतला की काय होते, हे मुंबई विद्यापीठाने २०१७ साली पाहिले. उन्हाळी परीक्षांच्या सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले. कंत्राट दिले गेले, पण परीक्षा होऊन गेल्या तरी तपासणीची यंत्रणा पुरती बसलेली नव्हती. प्राध्यापक केंद्रावर जाऊन बसत आणि उत्तरपत्रिका उघडत नसे. पुरवण्या मूळ उत्तरपत्रिकेपासून तुटलेल्या असत. राज्यपाल विद्यासागर राव यांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली. विधीच्या विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडकले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यपालांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केले.

त्या सबंध काळात विद्यापीठात निवडून आलेली अधिसभाच नव्हती. नव्या कायद्याप्रमाणे निवडणुका झाल्या त्या २०१८ मध्ये. अधिसभा असती तर गोंधळ टळलाच असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण तपासणीला किती संगणक लागतील, एका पेपरला किती वेळ लागतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गात वीज आणि नेट कसे चालते, ही माहिती ज्यांच्याकडे होती ते निर्णयाच्या खोलीबाहेर होते. ज्यांनी पुढे रजा सोडून पेपर तपासले, तेही हेच लोक. निकाल उशिरा लागले तेव्हा बोल मात्र त्यांनाही लागला.

शिक्षकाची उत्पादकता मोजण्याच्या रीतीतही, काम करणाऱ्याला न विचारण्याचा, हाच अडाणीपणा आहे. शोधनिबंध किती, प्रकल्प किती, परिषदा किती, यावर गुण. २०१० च्या नियमांनी हे गुणांकन देशभर आणले. त्यातून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली, ती आवरताना आयोगाची दमछाक झाली.

रत्नागिरीकराला या मोजणीतली चूक आंब्यावरून चटकन कळेल. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलमवर हापूसचा संकर करून ‘रत्ना’ ही जात निघाली. ती प्रसारित झाली १९८१ साली. हापूसला साका होतो, म्हणजे आतला गर बिघडतो, आणि हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष हुलकावणी देतो. रत्नाला साका नाही आणि ती दरवर्षी धरते. पुढे रत्नावर पुन्हा हापूसचा संकर करून अगदी पातळ कोयीची ‘सिंधू’ आली, १९९२ साली. हाताने परागीकरण केलेल्या शेकडो फुलांतून मोजकी फळे टिकतात, कोय रुजवून झाड फळायला काही वर्षे जातात, आणि मग बऱ्याच मोसमांत चव, टिकाऊपणा, उत्पन्न तपासावे लागते. या मधल्या वर्षांत त्या शास्त्रज्ञाच्या वार्षिक तक्त्यात काय भरायचे? दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून असे काम करते आहे. तिथे अधिसभा नाही. १९८३ च्या कायद्याप्रमाणे कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालील कार्यकारी परिषद असते. पैसा राज्याकडून येतो, आणि अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५. मजुराचा खर्च एका मोसमात खंडला, तर कलमांच्या नोंदीची साखळी तुटते. ही गोष्ट बागेत उभा राहणारा माणूसच सांगू शकतो.

म्हणून शिक्षकांचा सहभाग अधिसभेतल्या मार्चच्या चर्चेपुरता ठेवून भागणार नाही. मार्चमध्ये आकडे छापून हातात येतात. तेव्हा फार तर एखादे शीर्षक वाढवून घेता येते. मागण्या गोळा होतात त्या त्याआधी काही महिने. त्या वेळी प्रत्येक विभागाने आणि महाविद्यालयाने आपली गरज कामाशी जोडून लिहून द्यावी, आणि वित्त समितीने कोणती मागणी का कापली तेही लेखी कळवावे. मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरीतल्या डॉ. धनंजय कीर उपपरिसराच्या नावावर गेल्या वर्षी किती तरतूद होती आणि त्यातली किती प्रत्यक्ष खर्च झाली, एवढे दोन आकडे जरी दरवर्षी तिथल्या शिक्षकांपुढे ठेवले, तरी सुरुवात होईल. कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठ हवे, ही मागणी जुनी आहे आणि तिच्यात दम आहे. ते झालेच, तर त्याच्या वित्त समितीत शिकवणाऱ्या शिक्षकांच्या जागा किती, हे कायद्याच्या मसुद्यातच लिहून घ्यावे लागेल.