मरुभूमीतील राष्ट्रीय उद्याने व रेल्वे कंपन्यांच्या सहली

मरुभूमी ही मनुष्याने स्वेच्छेने, केवळ पाहण्यासाठी म्हणून जावे अशी जागा आहे, ही कल्पना फार जुनी नाही. व्यापारी, सैनिक, यात्रेकरू यांनी मरुभूमी ओलांडली ती पलीकडे पोहोचावयाचे होते म्हणून. तेथे चार दिवस मुक्काम करून खडकांचे रंग न्याहाळावेत, असे त्यांच्यापैकी क्वचितच कोणाच्या मनात आले असेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागात ही कल्पना रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि ती रुजविण्यात रेल्वे कंपन्यांचा वाटा फार मोठा होता. ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस कॅन्यन ही आज जगप्रसिद्ध असलेली राष्ट्रीय उद्याने मध्यमवर्गीय प्रवाशाच्या आवाक्यात आली ती आगगाडीचे तिकीट, निवास, भोजन, मोटार आणि मार्गदर्शक या साऱ्यांचा एकत्र समावेश असलेल्या सहलींमुळे. या सहलींकडे पर्यटनाच्या इतिहासातील एक रम्य प्रकरण म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तथापि त्यांचा भूगोलाशी असलेला संबंध अधिक खोल आहे. ज्या भूमीत परक्या माणसाला पुरेसे पाणी नाही, अन्न नाही आणि दृश्याचा अर्थ त्याच्या भाषेत सांगणारा कोणी नाही, तेथे या तिन्ही गोष्टी बाहेरून आणण्याची ती एक व्यवस्था होती. आणि जो या गोष्टी आणतो, तोच किती माणसांनी, किती वेळ व काय पाहावयाचे हेही ठरवितो.

प्रथम या भूमीविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. मरुभूमी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे थरच्या वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. कोलोरॅडो पठाराचा हा प्रदेश तसा नाही. तो आडव्या थरांच्या खडकांचा, नद्यांनी खोल कोरलेला आणि पुष्कळ उंच असा प्रदेश आहे. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही सुमारे दीड हजार फूट अधिक उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथे बर्फ पडते आणि कड्यावर पाइन वृक्षांचे रानही आहे. मात्र पृष्ठभागावर पाणी टिकत नाही. सर्वांत वरचा कैबाब नावाचा चुनखडक सच्छिद्र व भेगाळलेला असल्यामुळे पडलेले पाणी खाली झिरपते आणि हजारो फूट खोलवर, अभेद्य थर लागला म्हणजे, झऱ्यांच्या रूपाने दरीच्या पोटातून बाहेर येते. कड्यावर उभ्या असलेल्या तहानेल्या माणसास तळाशी वाहणारी कोलोरॅडो नदी दिसते, परंतु ती जवळजवळ एक मैल खाली असते. दृश्य जितके भव्य, तितके पाणी दूर, असा हा विलक्षण योग आहे.

सांता फे रेल्वेने १८९२ मध्ये टॉमस मोरान या चित्रकारास ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर नेले आणि त्याच्या चित्रांचा जाहिरातीसाठी उपयोग करून घेतला. म्हणजे दृश्याची ख्याती लोहमार्गाच्या आधी पोहोचली. त्या वेळी फ्लॅगस्टाफहून घोडागाडीने कड्यावर जाण्यात सारा दिवस मोडत असे. १७ सप्टेंबर १९०१ रोजी विल्यम्स या स्थानकापासून ६४ मैलांचा फाटा पूर्ण होऊन पहिली प्रवासी गाडी दक्षिण कड्याशी आली आणि तेच अंतर काही तासांचे झाले. जानेवारी १९०५ मध्ये कड्याच्या अगदी काठावर एल टोव्हार हे भव्य हॉटेल उघडले. ग्रँड कॅन्यनला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा १९०८ मध्ये व राष्ट्रीय उद्यानाचा १९१९ मध्ये मिळाला. राष्ट्रीय उद्यान सेवा हे खातेच मुळी १९१६ मध्ये स्थापन झाले. या तारखांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. येथे हॉटेल आधी आले, उद्यान नंतर.

या हॉटेलास लागणारे पाणी आगगाडीनेच आणावे लागे. टाक्यांचे डबे जोडलेल्या गाड्या दूरच्या झऱ्यांवरून पाणी भरून कड्यावर येत, आणि त्याच पाण्यावर स्नानगृहे, स्वयंपाकघर, खेचरांचे तबेले व इंजिनांचे बॉयलर चालत. १९२६ मध्ये येथे सांडपाणी शुद्ध करून ते शौचकूप, बॉयलर व हिरवळ यांसाठी पुन्हा वापरण्याची यंत्रणा बसविण्यात आली. अशा प्रकारच्या त्या देशातील अगदी पहिल्या यंत्रणांत तिची गणना होते. पुढे १९३२ मध्ये सुमारे ३,००० फूट खाली असलेल्या इंडियन गार्डन या झऱ्याच्या जागेवरून पंपाने पाणी वर चढविले जाऊ लागले. अर्थात प्रवाशास यातले काही दिसत नसे. त्याच्या खोलीत चिनी मातीचे कुंड आणि नळ असे.

अन्नाची व्यवस्था फ्रेड हार्वे कंपनीकडे होती. हार्वे या गृहस्थाने १८७६ मध्ये कॅन्सस संस्थानातील टोपीका स्थानकावर उपाहारगृह चालविण्यास घेतले आणि सांता फे मार्गावर अशा उपाहारगृहांची माळच उभी केली. गाडीतील कर्मचारी जेवणाऱ्यांची संख्या आधीच विचारून घेत, ती तारेने पुढच्या स्थानकास कळविली जाई आणि गाडी थांबताच पाने वाढलेली असत. मरुभूमीत ताजे मांस, फळे व भाजी मिळे ती याच गाड्यांतून बर्फावर येई. हार्वे १९०१ मध्ये वारला. परंतु कंपनीने पुढे जे केले त्यापुढे उपाहारगृहे गौण ठरतात. तिने प्रवाशास अर्थ पुरविण्याचे काम अंगावर घेतले.

एल टोव्हारसमोर, १ जानेवारी १९०५ रोजी, होपी हाऊस उघडले. मेरी कोल्टर या वास्तुशिल्पकार स्त्रीने होपी लोकांच्या ओराइबी गावातील घरांच्या धर्तीवर त्याची रचना केली होती. तेथे होपी कारागीर राहत, मडकी घडवीत, वस्त्रे विणीत आणि सायंकाळी प्रवाशांसाठी नृत्य करीत. नाम्पेयो ही ख्यातनाम कुंभार स्त्री १९०५ व १९०७ साली येथे येऊन राहिली होती. तिच्या हातच्या भांड्यांना दूरदूरच्या बाजारात मान मिळाला, यात या दुकानाचा हात होता हे नाकारता येत नाही. तितकेच खरे हे की, घर आणि प्रदर्शन यांतील भिंत येथे काढून टाकली गेली होती. येथील स्थळनामांतही हाच परकेपणा दिसतो. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन याने १८८० च्या सुमारास दरीतील शिखरांना पौर्वात्य देवालयांची नावे देण्याची प्रथा पाडली. त्यामुळे तेथे आज ‘विष्णू मंदिर’ आहे, ‘शिव मंदिर’ आहे, आणि सुमारे पावणेदोन अब्ज वर्षांपूर्वीच्या तळच्या खडकास भूशास्त्राच्या ग्रंथांत विष्णूचे नाव आहे. भारतीय वाचकास याची मौज वाटेल. हावासुपाई व होपी लोकांची त्या जागांना जी नावे होती, ती मात्र नकाशावर फारशी आली नाहीत.

मार्गदर्शकासहित सहलीचे सर्वांत विचारपूर्वक आखलेले रूप म्हणजे १५ मे १९२६ रोजी सुरू झालेल्या ‘इंडियन डीटूर्स’. शिकागो ते लॉस एंजेलिस या लांब प्रवासात उतारूने न्यू मेक्सिकोमध्ये गाडीतून उतरावे, काही दिवस मोटारीने पुएब्लो गावे, कडेकपारीत कोरलेली प्राचीन वसतिस्थाने आणि सांता फे नगर पाहावे व पुढच्या स्थानकावर पुन्हा गाडी धरावी, अशी ही योजना होती. प्रत्येक लहान गटाबरोबर एक ‘कुरियर’ असे. ही बहुधा महाविद्यालयीन शिक्षण घेतलेली, त्या प्रदेशाची माहितगार तरुणी असे. मखमली झबला व चांदीचे नाव्हाहो अलंकार हा तिचा वेष होता. या तरुणींच्या शिक्षणाची जबाबदारी एर्ना फर्ग्युसन हिच्याकडे होती. तिने स्वतः त्यापूर्वी, १९२१ पासून, अशाच सहलींचा लहानसा व्यवसाय चालविला होता. इतिहास, पुरातत्त्व, वनस्पती, खडक, पुएब्लो लोकांचे रीतिरिवाज यांचा अभ्यास कुरियरला करावा लागे, आणि एडगर हेवेट, आल्फ्रेड किडर यांसारखे पुरातत्त्वज्ञ या योजनेचे सल्लागार होते. विद्यापीठाच्या वर्गातील ज्ञान गाडीतून उतरलेल्या उतारूपर्यंत इतक्या थोड्या अवधीत पोहोचविण्याचा प्रयत्न त्या काळी अन्यत्र क्वचितच झाला असेल. सुशिक्षित स्त्रीस शिक्षिका वा परिचारिका यांखेरीज एक मानाचा व्यवसाय मिळाला, हेही त्याचे फळ होय.

परंतु या योजनेची मर्यादा तिच्या गुणातच दडलेली होती. पुएब्लो गावात शिरल्यावर बोलत असे ती कुरियर. ज्याचे अंगण, ज्याची भट्टी, ज्याचा उत्सव, तो गावकरी दृश्याचा भाग होता, भाष्यकार नव्हता. काही कुरियर तरुणींचे गावातील कुटुंबांशी खरे स्नेह जुळले होते आणि त्या पाहुण्यांना दारात थोपवून आधी परवानगी मागत. तरीही गाडीची वेळ ठरलेली असल्यामुळे भेटीची घटिका मोजलेली असे. तासाभरात समाज समजावून सांगावयाचा म्हणजे त्यातील जे स्थिर व पुरातन तेच सांगणे सोयीचे. जमिनीचे तंटे, पाण्याचे हक्क, मुलांना दूरच्या शाळांत नेऊन ठेवण्याची सक्ती हे विषय या कथनात बसण्यासारखे नव्हते. मंदीच्या लाटेत १९३१ मध्ये कंपनीने हा व्यवसाय विकून टाकला.

उत्तरेस युनियन पॅसिफिक रेल्वेने निराळ्या पद्धतीने काम केले. १९२३ मध्ये तिने लंड या स्थानकापासून युटा संस्थानातील सीडर सिटीपर्यंत फाटा नेला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग या मार्गाने झायनला गेले. तेथून पुढे रूळ नव्हते. गाडीतून उतरलेले प्रवासी कंपनीच्या मोटारगाड्यांत बसत आणि झायन, ग्रँड कॅन्यनचा उत्तर कडा, ब्राइस कॅन्यन व सीडर ब्रेक्स असा फेरा पाच दिवसांत पुरा करून सीडर सिटीस परत येत. मुक्कामाची निवासस्थाने गिल्बर्ट स्टॅन्ली अंडरवुड या वास्तुशिल्पकाराने स्थानिक दगड व ओंडके वापरून बांधली. त्यांपैकी उत्तर कड्यावरील १९२८ चे निवासस्थान १९३२ मध्ये जळाले, पुन्हा उभे राहिले आणि जुलै २०२५ मधील वणव्यात पुन्हा नष्ट झाले. तेथे सुटीत काम करणारे महाविद्यालयीन विद्यार्थी मोटार निघताना ओळीने उभे राहून गाणी म्हणत आणि प्रवाशांना निरोप देत. या फेऱ्यातही पाण्याने आपले स्थान राखले होते. झायन व उत्तर कडा यांच्यामधील कोरड्या टप्प्यात पाइप स्प्रिंग नावाचा झरा होता. उद्यान सेवेचे पहिले संचालक स्टीफन मॅदर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये त्यास राष्ट्रीय स्मारक घोषित करण्यात आले, त्यामागे प्रवाशांना विसाव्याची जागा मिळावी हा हेतूही होता.

या सहलींचा अंत कोणत्या कारणाने झाला हे पाहू गेल्यास एक विपरीत गोष्ट आढळते. मोटारगाड्यांसाठी चांगले रस्ते हवेत म्हणून रेल्वे कंपन्यांनी सतत आग्रह धरला. ४ जुलै १९३० रोजी झायनच्या पूर्वेस १.१ मैल लांबीचा बोगदा समारंभपूर्वक खुला झाला आणि फेऱ्यातील अंतर पुष्कळ कमी झाले. परंतु ज्या रस्त्यावरून कंपनीची मोटार जाते त्याच रस्त्यावरून खासगी मोटारही जाते. १९२० च्या दशकाच्या अखेरीसच ग्रँड कॅन्यनला स्वतःच्या मोटारीने येणारे लोक आगगाडीने येणाऱ्यांपेक्षा अधिक झाले होते. विल्यम्सहून कड्यावर जाणारी प्रवासी गाडी जुलै १९६८ मध्ये बंद पडली, आणि युटातील आपली निवासस्थाने युनियन पॅसिफिकने १९७२ मध्ये उद्यान सेवेस देऊन टाकली.

मोटारीमुळे प्रवासी मुक्त झाला यात शंका नाही. तिकिटाच्या पुस्तिकेने बांधलेला दिवस सुटला आणि ज्यांस शयनयानाचे भाडे परवडत नव्हते अशा कुटुंबांना उद्याने खुली झाली. मात्र गाडीतील आसनांची संख्या हीच जी प्रवाशांची आपोआप पडणारी मर्यादा होती, ती नाहीशी झाली. झायनची अरुंद दरी मोटारींनी इतकी भरू लागली की २००० सालापासून हंगामात तिच्या मुख्य रस्त्यावर सामान्य खासगी मोटारींस बंदी करून उद्यानाच्या बसमधूनच लोकांना नेले जाऊ लागले. २०२१ मध्ये या उद्यानास ५० लाखांहून अधिक भेटी झाल्या. विल्यम्सची गाडी १७ सप्टेंबर १९८९ पासून पुन्हा धावू लागली, आणि २०२१ पासून डेन्व्हर ते मोआब अशी दोन दिवसांची सहलगाडी आर्चेस उद्यानाच्या परिसरापर्यंत नेते. जुन्या व्यवस्थेचे काही अवयव असे नव्या रूपात परतले आहेत.

पाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि त्याबरोबर दुसराही एक प्रश्न. ज्या इंडियन गार्डनमधून १९३२ मध्ये पाणी वर चढविले गेले, तेथे हावासुपाई लोक पिढ्यान्‌पिढ्या मका, घेवडा व भोपळा पिकवीत असत. उद्यान झाल्यानंतर त्यांना तेथून घालविण्यात आले. शेवटच्या रहिवाशास १९२८ मध्ये जावे लागले, म्हणजे पंप बसण्याच्या चार वर्षे आधी. १९७५ च्या कायद्याने पठारावरील सुमारे १,८५,००० एकर जमीन या लोकांस परत मिळाली; झऱ्याची जागा तीत नव्हती. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या जागेचे नाव अधिकृतपणे हावासुपाई गार्डन्स असे करण्यात आले. दक्षिण कड्यास आज मिळणारे पाणी दरीच्या उत्तर बाजूच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यांपासून १९७० च्या सुमारास पूर्ण झालेल्या साडेबारा मैलांच्या नळाने येते आणि तो नळ वारंवार फुटतो. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तो एकापाठोपाठ अनेक ठिकाणी फुटला, तेव्हा दक्षिण कड्यावरील सर्व हॉटेलांतील रात्रीचा मुक्काम काही दिवस बंद ठेवावा लागला. दिवसा येऊन दरी पाहून परत जाणाऱ्यांना तेवढा प्रवेश होता.