ययातीच्या घरातली सून

ययातीची महाभारतातील कथा आपल्या परिचयाची आहे: शुक्राचार्यांचा शाप, अकाली वार्धक्य, थोरल्या मुलांचे नकार आणि धाकट्या पुरूने बापाला दिलेले तारुण्य. पुढे पुरूला राज्य मिळते, त्यामुळे त्याच्या त्यागाचा गौरवच होतो. त्या त्यागाची किंमत घरात आणखी कोणी मोजली का, हे मूळ कथा विचारीत नाही.

वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' (१९५९) या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः मांडतात. वर्गात ती शिकवताना मी गिरीश कार्नाडांचे त्याच नावाचे कन्नड नाटक (१९६१) शेजारी ठेवते. बीदर-कलबुर्गी भागातल्या मुलांना त्यासाठी भाषांतर लागत नाही. सीमेवर राहण्याचा एवढा तरी लाभ.

कार्नाडांचा पुरू लग्न करून घरी येतो. नवी सून चित्रलेखा महालात पाऊल ठेवते न ठेवते, तोच नवरा बापाचे म्हातारपण अंगावर घेतो. आधी तिला त्याचा अभिमान वाटतो. प्रत्यक्ष चेहरा दिसताच मात्र ती किंचाळते. ययाती तिला कुलधर्म सांगू लागतो. तेव्हा ती त्याच्याच तर्काने त्याला गाठते: माझ्या नवऱ्याचे तारुण्य तुम्ही घेतलेत, तर मग मलाही स्वीकारा. ययाती हादरतो. ती विष घेते आणि मगच तो आपले वार्धक्य परत मागतो. महाभारतात हजार वर्षांच्या उपभोगानंतर आलेले शहाणपण इथे एका सुनेच्या मरणाने येते. हे स्थळ मला साऱ्या नाटकात सर्वांत धारदार वाटते.

त्या काळी आपल्यावर आनुई, सार्त्र आणि ग्रीक नाटककारांचा प्रभाव होता, असे कार्नाडांनी पुढे नोंदवले आहे. आयर्लंडमध्ये मरीना कार यांनी 'बाय द बॉग ऑफ कॅट्स' (१९९८) मध्ये ग्रीक मीडियाची कथा आजच्या आयरिश दलदलीच्या प्रदेशात, तिथल्या बोलीत आणली. कार्नाड राजवाडा तसाच ठेवतात. फक्त घरात एक माणूस वाढवतात.

वर्गातला वाद पेटतो तो पुरूवरून. बापाचे कर्ज मुलाने अंगावर घेणे आमच्या खेड्यांत नवे नाही, त्यामुळे अनेकांना तो आदर्श पुत्र वाटतो. मुली मात्र विचारतात, होकार देण्यापूर्वी त्याने चित्रलेखेला विचारले होते का?

नाटकात तो विचारीत नाही.