मशवऱ्याची बरकत : मुलांच्या कला कार्यशाळेच्या तयारीतून

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या वस्त्यांमधून मुलांसाठी काही ना काही उपक्रम सुरू होतात. कुठे दीनी तालीमचे वर्ग, कुठे इंग्रजी संभाषण, कुठे शिवणकाम आणि मेंदी. अलीकडे यात कला कार्यशाळांची भर पडली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र कार्यशाळा म्हटली की सर्वांचे लक्ष त्या दोन दिवसांवर असते. त्याआधीच्या बैठकांमध्ये काय घडते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. खरे तर माणसे एकत्र येऊन काम कसे करतात, हे तिथेच कळते.

कला आणि सामूहिक काम

चित्रकार म्हटले की एकांतात बसलेला एकटा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. आपल्या देशातील कलेचा इतिहास वेगळे सांगतो. अकबर बादशाहाच्या चित्रशाळेत 'हमजानामा' तयार झाला तेव्हा सुमारे १४०० चित्रे काढली गेली आणि ते काम जवळपास १५ वर्षे चालले. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणहून आलेल्या उस्तादांनी त्यावर देखरेख केली. 'अकबरनामा'च्या अनेक चित्रांच्या समासात तर कोणी काय केले याची नोंद आहे. 'तरह' म्हणजे आराखडा एकाचा, 'अमल' म्हणजे रंगकाम दुसऱ्याचे, आणि काही चित्रांत चेहरे तिसऱ्याने काढलेले. बसावनसारखा नामांकित चित्रकारही कित्येकदा फक्त आराखडा करून कागद पुढच्या माणसाच्या हाती देत असे.

आपल्या औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावरील लेखातही दोन नावे आहेत : वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. काम वाटून घ्यायचे आणि ज्याचे त्याचे श्रेय ज्याला त्याला द्यायचे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे.

सात माणसे, सात मते

गेल्या मे महिन्यात आमच्या मोहल्ल्यात ९ ते १४ वर्षांच्या ३६ मुलामुलींसाठी दोन दिवसांची कार्यशाळा झाली. पहिल्या दिवशी खत्ताती म्हणजे सुलेखन आणि दुसऱ्या दिवशी कंपास-पट्टीने काढायची भौमितिक नक्षी, असा बेत होता. तयारीसाठी आम्ही सात जण बसत होतो. एक चित्रकलेचे शिक्षक, उर्दू शिकवणाऱ्या एक बाजी, दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटर, कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली, घरी शिवणकाम करणाऱ्या एक आपा आणि मी. जागा मशिदीशेजारच्या हॉलची होती, म्हणून विश्वस्त मंडळातील एक ज्येष्ठ चाचाही प्रत्येक बैठकीला येत.

पहिल्या बैठकीत कॉलेजच्या मुलींनी सुचवले की मुलांनी कुरआनची एखादी आयत लिहावी. कल्पना सर्वांना आवडली. पेंटरभाईंनी बोरूचाही प्रश्न सोडवला. इतके बोरू मिळणे कठीण होते, तेव्हा आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्यांचे टोक तिरके कापले तर जाड-बारीक रेघ उमटते, हे त्यांनी तिथेच करून दाखवले.

शिवणकाम करणाऱ्या आपा दोन बैठका गप्प होत्या. तिसऱ्या बैठकीत बाजींनी त्यांना थेट विचारले, "आपा, तुम्ही काहीच बोलत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

आपा म्हणाल्या, "मुलं शिकताना वीस-वीस कागद खराब करणार. त्यावर आयत असेल तर ते कागद कुठं जाणार? पायाखाली येतील. संध्याकाळी झाडू मीच मारणार आहे, म्हणून विचारते."

खोलीत शांतता पसरली. मग बाजींनी आणखी एक मुद्दा काढला. आयतीऐवजी मुलांनी आपापली नावे लिहायची म्हटली, तरी अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान या नावांतही अल्लाहचे नाव आहेच. अखेर ठरले की सराव फक्त सुट्या अक्षरांचा करायचा. अलिफची उंची आणि 'बे'ची लांबी नुक्त्याने मोजायची, हा तर खत्तातीचा पायाच आहे. नाव मात्र शेवटी एकदाच, चांगल्या कागदावर लिहायचे आणि ते मुलाने घरी न्यायचे. सरावाचे कागद टाकायला कोपऱ्यात एक खोका ठेवायचा.

ज्यांच्या वाट्याला झाडू होता, त्यांनाच ही अडचण दिसली. मशवऱ्यात सर्वांना बसवण्याचे कारण केवळ मान देणे नसते. प्रत्येकाला कामाची एक बाजू दिसत असते, आणि जो बोलत नाही त्याची बाजू त्याच्याबरोबर घरी परत जाते.

बक्षिसांचा वाद

खरा मतभेद दुसऱ्या दिवसाबद्दल झाला. चाचांचे म्हणणे होते की पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक काढावा. बक्षीस असले की मुले मन लावून काम करतात आणि पालकही येतात. चित्रकलेच्या सरांचा याला विरोध होता. तिघे खूश होतील आणि तेहतीस मुले आपल्याला चित्र जमत नाही असे समजून घरी जातील, असे ते म्हणाले.

सरांनी पर्याय सुचवला. प्रत्येक मुलाला १५ सेंटीमीटर बाजूचा चौकोनी पुठ्ठा द्यायचा. कंपासमध्ये साडेसात सेंटीमीटर अंतर घेऊन वर्तुळ काढायचे आणि त्यात दोन चौरस, एक सरळ व एक तिरपा, बसवायचे की आठ टोकांचा तारा तयार होतो. असे ३६ पुठ्ठे सहाच्या सहा ओळींत लावले की ९० सेंटीमीटरचा एक फलक होतो. तारे एकमेकांना टेकतात आणि चार ताऱ्यांच्या मधोमध चार टोकांचा एक नवा आकार दिसू लागतो, जो कोणा एकाने काढलेला नसतो. मात्र एकाचेही माप चुकले तर शेजारच्याची नक्षीही तुटते.

बरीच चर्चा झाली. चाचा सोडून सर्वांनी सरांची बाजू घेतली. चाचा म्हणाले, "मला पटलेलं नाही. पण ठरलं तर ठरलं." दुसऱ्या दिवशी फलकासाठी प्लायवूड तेच घेऊन आले.

कार्यशाळेच्या दिवशी काही कंपास ढिले निघाले. पाच-सहा पुठ्ठे जुळेनात. फलकाच्या मधोमध ताऱ्यांची टोके सरकलेली दिसू लागली आणि काही मुले रडकुंडीला आली. आमच्यापैकीच कोणीतरी पुटपुटले, यापेक्षा स्पर्धा बरी होती. तेव्हा चाचाच म्हणाले, "सगळ्यांनी मिळून ठरवलंय. आता बोलण्यात वेळ घालवू नका, पुठ्ठे जुळवा." मोठ्या मुलांनी लहानांना पुन्हा मापे घेऊन दिली. अस्रच्या अजानपर्यंत फलक उभा राहिला. दोन तारे अजूनही जरा वाकडे आहेत. ते तसेच ठेवले.

उहुदची शिकवण

चाचांच्या या एका वाक्याने उहुदची आठवण होते. हिजरी सन ३ मध्ये मक्क्याचे सैन्य चालून आले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा स्वतःचा कल मदिनेत राहूनच मुकाबला करण्याकडे होता. अनेक सहाबींना, विशेषतः तरुणांना, बाहेर पडून लढायचे होते. प्रेषितांनी (स.) त्यांचे मत स्वीकारले. नंतर त्यांना आपल्या आग्रहाचा पश्चात्ताप झाला, तरी चिलखत चढवल्यावर प्रेषित (स.) माघारी फिरले नाहीत. लढाईत मुस्लिमांना मोठी हानी सोसावी लागली.

यानंतर उतरलेल्या सूरह आलि इमरानमधील १५९ व्या आयतीत काय आदेश आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. या लोकांना माफ करा, त्यांच्यासाठी क्षमेची प्रार्थना करा आणि कामांमध्ये त्यांचा सल्ला घेत राहा, असा तिचा आशय आहे. निर्णय झाला की अल्लाहवर भरवसा ठेवून पुढे जा, हेही तिथेच सांगितले आहे. परिणाम कटू निघाला म्हणून मशवरा सोडून दिला गेला नाही. पुढे हिजरी ५ मध्ये खंदक खोदण्याची सूचना हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी केली. इराणातून आलेल्या या सहाबींच्या ज्ञानाचा लाभ सबंध मदिनेला झाला.

घरातही हाच नियम

मशवरा फक्त मोठ्या कामांसाठी असतो असे नाही. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत बाळाचे दूध सोडवण्याचा निर्णयसुद्धा आई-वडिलांनी परस्पर संमतीने व सल्ल्याने घ्यावा, असे मार्गदर्शन आहे. जिथे तान्ह्या बाळाच्या दुधाची बाब एकट्याने ठरवायची नसेल, तिथे मुलीचे शिक्षण, घराचे कर्ज किंवा लग्नाचा खर्च एकट्याने कसा ठरवावा?

आपल्या मोहल्ल्यात किंवा घरात असे काम हाती घेताना काही गोष्टी जरूर पाळाव्यात. सर्वांत लहान किंवा गप्प बसणाऱ्या व्यक्तीला आधी विचारावे. मोठे बोलून गेले की लहानांची जीभ उचलत नाही. ज्याच्या हातून काम होणार आहे, तो बैठकीत हवाच. काय ठरले, कोणी काय करायचे, हे वहीत लिहून ठेवावे. आणि काही बिघडले तर "मी आधीच म्हटलं होतं" हे वाक्य कोणीही उच्चारू नये. बैठकीत झालेले बोलणे ही अमानत आहे, ते गल्लीत जाऊ नये.

मुले आपले बोलणे ऐकत असतात, त्याहून जास्त आपले वागणे पाहत असतात. मत डावलले गेले तरी प्लायवूड खांद्यावर घेऊन येणारे चाचा त्यांनी पाहिले, तर ती तालीम आयुष्यभर त्यांच्यासोबत राहील, इन्शाअल्लाह.