शिफारशीने वाढणारी ईमेल-यादी

एखाद्या संस्थेने आपली वार्तापत्रे किंवा विक्रीच्या सूचना पाठवण्यासाठी, पत्तेधारकांच्या संमतीने जमवलेल्या ईमेल-पत्त्यांच्या संग्रहाला ईमेल-यादी म्हणतात. समाजमाध्यमांवर कोणता मजकूर कोणाला दिसावा हे ते माध्यम चालवणारी कंपनी ठरवते, तर ईमेल-यादी संस्थेच्या स्वतःच्या हाती राहते. म्हणूनच छोट्या व्यावसायिकापासून मोठ्या प्रकाशनापर्यंत प्रत्येक जण ती वाढवण्याच्या प्रयत्नात असतो. जाहिरातीवर खर्च करणे हा त्याचा एक मार्ग आहे. जे वाचक आधीच यादीत आहेत त्यांनी आपल्या ओळखीच्या माणसांना आणावे आणि त्याबद्दल त्यांना काही मिळावे, हा दुसरा. या दुसऱ्या मार्गाला शिफारस-बक्षीस योजना, किंवा रूढ शब्दांत रेफरल योजना, असे म्हणतात.

योजनेची यंत्रणा साधी असते. नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला एक स्वतंत्र दुवा, म्हणजे केवळ त्याच्या नावाशी जोडलेली लिंक, दिली जाते. तो दुवा उघडून कोणी नोंदणी केली की ती आपोआप त्याच्या खात्यात मोजली जाते आणि ठरलेली संख्या गाठताच बक्षीस मिळते. न्यूयॉर्कच्या हॅरीज या दाढीची साधने विकणाऱ्या कंपनीने 2013 साली विक्री सुरू होण्यापूर्वीच ही पद्धत वापरली. पाच मित्र आणणाऱ्यास दाढीचे क्रीम, दहा आणणाऱ्यास रेझर, पंचवीस आणणाऱ्यास उंची रेझर आणि पन्नास आणणाऱ्यास वर्षभर मोफत पाती, अशा चढत्या पायऱ्या तिने ठेवल्या. कंपनीच्या संस्थापकांनी नंतर जाहीर केल्याप्रमाणे आठवडाभरात सुमारे 1,00,000 पत्ते जमले आणि सुमारे 20,000 जणांनी मिळून सुमारे 65,000 मित्र आणले. म्हणजे शिफारस करणाऱ्यांनी सरासरीने प्रत्येकी तीनहून अधिक माणसे जोडली.

या यशाचे मर्म बक्षिसाच्या किमतीपेक्षा त्याच्या जातीत आहे. हॅरीजने दिलेली प्रत्येक वस्तू दाढीशीच संबंधित होती, त्यामुळे तिच्या ओढीने आलेला माणूस पुढे ग्राहक होण्याची शक्यता मुळातच अधिक होती. अमेरिकेतील ‘मॉर्निंग ब्रू’ या अर्थविषयक वार्तापत्रानेही आपली मुद्रा असलेले स्टिकर, मग आणि टी-शर्ट बक्षीस म्हणून दिले, ज्यांचे मोल त्या वार्तापत्राच्या वाचकालाच वाटावे. याउलट महागडा फोन किंवा रोख रक्कम लावली, तर विषयाशी काडीचाही संबंध नसलेले लोक केवळ त्यासाठी येतात, एकाच व्यक्तीच्या नावाने दहा खोटे पत्ते नोंदवले जातात आणि यादी फुगली तरी वाचक वाढत नाहीत.

शिफारशीने आलेला माणूस अधिक टिकतो, याला संशोधनाचाही आधार आहे. शिफारशीसाठी 25 युरो देणाऱ्या एका जर्मन बँकेच्या सुमारे 10,000 ग्राहकांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात शिफारशीने आलेले ग्राहक इतरांपेक्षा बँकेला अधिक लाभदायक ठरल्याचे आणि बँक सोडून जाण्याचे त्यांचे प्रमाणही कमी असल्याचे आढळले. आपल्या मित्राला काय रुचेल हे माणूस जाहिरातदारापेक्षा चांगले ओळखतो आणि चुकीची शिफारस केल्यास आपलाच शब्द हलका पडेल याची त्याला जाणीव असते, हे यामागचे एक पटण्याजोगे कारण आहे.

म्हणूनच बक्षीस कधी द्यायचे हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. 14 एप्रिल 2017 रोजी नागपुरात भीम या देयक-अ‍ॅपसाठी जाहीर झालेल्या शिफारस योजनेत, नव्या वापरकर्त्याने निरनिराळ्या व्यक्तींशी तीन व्यवहार केल्यानंतरच बोनस मिळण्याची अट होती. केवळ अ‍ॅप उतरवून घेणे पुरेसे नव्हते. ईमेल-यादीत हेच काम दुहेरी संमती करते: नोंदलेल्या पत्त्यावर एक पत्र जाते आणि त्यातील दुव्यावर पत्तेधारकाने स्वतः होकार दिल्यावरच ती नोंद, आणि पर्यायाने बक्षीस, ग्राह्य धरले जाते.

ही दक्षता नैतिक आहे, तशीच व्यावहारिकही आहे. फेब्रुवारी 2024पासून गूगलने मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना स्पॅमच्या, म्हणजे नकोशा पत्रांच्या, तक्रारींचे प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवणे बंधनकारक केले आहे. हजार पत्रांमागे अवघ्या तीन तक्रारी झाल्या तरी ती मर्यादा गाठली जाते आणि पुढची पत्रे इच्छुक वाचकांपर्यंतही पोहोचेनाशी होऊ शकतात. भारताचा 2023चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे सांगतो. त्यामुळे वाचकाकडून त्याच्या मित्रांचे पत्ते मागून घेण्याऐवजी वाचकाने मित्राला दुवा द्यावा आणि पत्ता मित्राने स्वतःच्या हाताने भरावा, हीच योग्य रीत ठरते.

शिफारस करणारा वाचक संस्थेला पत्ता मिळवून देताना आपल्या मैत्रीतला विश्वासही तिच्यासाठी पणाला लावत असतो. बक्षीस हे त्याचे आभार मानण्याचे साधन आहे. तो विश्वास राखला जातो की नाही, हे मात्र नव्या वाचकाला त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पत्राच्या दर्जावरच ठरते.